बेडूक लंगडा नव्हता

मी एक जुना रिमोट आहे. टीव्हीचा नव्हे, मित्रांनो. तो वेगळा. त्याला चॅनेल बदलण्यापलीकडे काही येत नाही आणि तरी तो उशीवर झोपतो. मी व्हिडिओ गेमचा रिमोट. माझ्या डाव्या अंगाला अधिकाचं चिन्ह आणि उजव्या अंगाला दोन लाल बटणं आहेत. त्यातलं एक उडीचं. त्या बटणाने एका बाईचं सात महिन्यांचं काम तीस वर्षं खोटं पाडलं आहे, आणि ती बाई सोमवारी सकाळी नऊ वाजता एक फोन करणार आहे. आज शनिवार आहे आणि ऊन खिडकीतून निघून चाललं आहे. तेव्हा मी माझी जीवनकथा सांगतो, पण जरा भरभर सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. अशा ठिकाणी 'माझं बालपण फार रम्य होतं' असं म्हणायची पद्धत आहे. माझं बालपण अकरा मिनिटांचं होतं. एका साच्यातून माझी पाठ आली, दुसऱ्यातून पोट. पोटात एक हिरवी पट्टी ठेवली आणि पट्टीवर रबराच्या टोप्या. प्रत्येक टोपीच्या आतल्या बाजूला एक काळा ठिपका असतो. बटण दाबलं की तो ठिपका पट्टीला टेकतो आणि पडद्यावरचा प्राणी उडी मारतो. माझी सगळी विद्वत्ता त्या मसुराएवढ्या ठिपक्यात आहे. एका बाईने मला कानाशी धरून हलवलं, आतून काही खुळखुळत नाही असं पाहिलं आणि "पास" म्हणून खोक्यात टाकलं. ती माझी पहिली आणि शेवटची परीक्षा.

ज्या घरी मी गेलो तिथे दोन मुलं होती. ताई नऊ वर्षांची आणि धाकटा सहा वर्षांचा. माझ्याबरोबर एक कॅसेट आली होती, 'तुरतुर'. त्यात एक खार फांदीवरून फांदीवर उड्या मारत जाते. मधे खड्डे, काटे आणि विनाकारण चिडलेली कासवं. खार स्वभावाने फार भोळी. बटणाला नुसता स्पर्श झाला तरी ती पुरी उडी मारायची. दरवेळी तेवढीच, मापून.

पण धाकट्याची समजूत अशी होती की जितक्या जोरात दाबाल तितकी उंच उडी. तो मला अंगठ्याने दाबत नसे, सबंध देहाने दाबत असे. खारीबरोबर स्वतःही सोफ्यावरून उडी मारायचा. दात आवळून दाबायचा. एकदा त्याने टाचेने दाबलं. आई म्हणाली, "अरे, ते यंत्र आहे, विंचू नाही."

वर्षभराने उडीच्या टोपीखालचा ठिपका तुटला. अर्धा राहिला, अर्धा माझ्याच पोटात कुठेतरी पडला. खारीला पत्ताही लागला नाही, कारण तिला नुसता स्पर्श पुरे. अर्ध्या ठिपक्यावर ती तशीच उडत राहिली. मीही म्हटलं, चालतंय ना, मग चालू दे. मित्रांनो, जगातले निम्मे अपराध या एका वाक्याने होतात. उरलेले निम्मे टाचेने.

मग एके दिवशी आत्या आली. मुलांच्या बाबांची धाकटी बहीण. ती एका छोट्या कचेरीत खेळ बनवायची. तिथे साहेबांच्या हाताखाली तिघंच काम करत. एक जण चित्रं काढायचा, एक जण संगीत करायचा आणि आत्या उडी करायची. हो, नुसती उडी. प्राणी किती उंच जाईल, वर किती रेंगाळेल, खाली कसा येईल, हे सगळं तिने सात महिने आकडे बदलून बदलून बसवलं होतं. कचेरीतले साहेब म्हणायचे, "मुलांना अर्धी उडी नको असते हो, पुरी द्या." आत्याने ऐकलं नाही. तिने भांडून आपलंच खरं केलं आणि 'डराव' नावाची कॅसेट तयार झाली. तिची पहिली प्रत घेऊन ती थेट आमच्याकडे आली, चप्पल न काढता.

"हा बेडूक वेगळा आहे हं," ती म्हणाली. "बटणाला टिचकी मारलीत तर टुणकन. दाबून धरलंत तर वर, वर, वर. किती उडायचं ते तो ठरवत नाही, तुम्ही ठरवायचं."

माझ्या पोटात गोळा आला. गोळा म्हणजे तो तुटून पडलेला अर्धा ठिपका.

दाबून धरायचं! मला टेकता येत होतं, टिकता येत नव्हतं. धाकट्याने बटण दाबून धरलं की अर्धा ठिपका क्षणभर पट्टीला चिकटायचा आणि सटकायचा. बेडकाला वाटायचं, बटण सोडलं. पहिल्याच मिनिटाला एक विहीर होती. बेडूक टुणकन उडाला आणि विहिरीत पडला. पुन्हा पडला. पुन्हा पडला.

"आत्या, तुझा बेडूक लंगडा आहे," धाकटा म्हणाला.

"दाबून धर ना रे."

"दाबूनच धरलंय! हे बघ, नख पांढरं झालंय!"

मित्रांनो, तो खरं बोलत होता. आत्याही खरं बोलत होती. खोटा फक्त मी होतो.

"दे बघू इकडे," म्हणून आत्याने हात पुढे केला. पण तोवर ताईने कॅसेट काढून खार लावली होती. मुलं काही मुद्दाम दुखवत नाहीत, फक्त वेळ घालवत नाहीत. आत्या थोडा वेळ खारीकडे बघत बसली, मग म्हणाली, "छान उडते."

खेळ बाजारात चालला नाही. त्यात माझा हात नाही, माझं पाप घरापुरतं. पण कचेरी बंद पडली, आणि बाजाराचं काय म्हणणं होतं ते आत्याला कोणी सांगितलं नाही. तिला दोनच मुलांचं म्हणणं ठाऊक होतं. ती एका पुठ्ठ्याच्या कारखान्यात लागली. खोकी कुठल्या मापाची कापायची ते ती ठरवते. तिथे काहीही उडत नाही.

पुढे मी बारा वर्षं एका पिशवीत, तुटक्या छत्रीशेजारी काढली. उपेक्षेचे दिवस मी लांबवून सांगितले असते, पण वेळ नाही.

मुलं मोठी झाली आणि त्यांना जुन्या खेळांचं वेड लागलं. आता दर शनिवारी दोघं जमतात, जुन्या कॅसेटी लावतात आणि त्यांची तुलना करतात. त्यासाठी एक वही आहे. वहीत गुण असतात. लग्नाची स्थळंसुद्धा माणसं इतकी कसून बघत नाहीत.

"तुरतुरचं संगीत?"

"आठ."

"डरावचं?"

"साडेनऊ. विहिरीतला तो घुमणारा आवाज ऐक ना. आणि रंग दहा."

"उडी?"

"दोन."

"दोन जास्त होतात, ताई."

"आत्याची आहे म्हणून दोन."

एवढं बोलून ती शेवटी खारीलाच पहिला नंबर देते. मला ओरडावंसं वाटतं. ताई चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवते, दिवसभर लोकांना नीट दिसावं म्हणून धडपडते. धाकटा लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्ट येत नाही अशी तक्रार आली की तो आधी काय करतो, सांगू? बटण उघडून बघतो. गेल्या महिन्यात फोनवर कोणाला तरी शिकवत होता, "अरे, दहातल्या सात वेळा मोटर चांगली असते, बटणच मेलेलं असतं." हे बोलताना त्याचा अंगठा माझ्या मेलेल्या बटणावर होता.

आज दुपारी आत्या आली. केस पांढरे झाले आहेत, चष्मा ताईच्या दुकानातला. चहा घेतला आणि म्हणाली, "ती कॅसेट आहे का रे अजून? बेडकाची?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ताईने वहीवर उशी ठेवली.

"एका शाळेने बोलावलंय मला," आत्या म्हणाली. "मुलांना खेळ बनवायला शिकवायचं म्हणे. आठवड्यातून दोन दिवस. मुख्याध्यापिका बाईंनी कुठून तरी माझं नाव शोधून काढलं. सोमवारी नऊला कळवते म्हटलंय."

"मग जा की! यात विचार कसला?"

"शिकवणार काय, बाळा? मला एकच गोष्ट येत होती. ती तरी येत होती का, ते एकदा बघायचंय. मी ती तुमच्या घरी कधी खेळलेच नाही."

तिने मला हातात घेतलं. मित्रांनो, तीस वर्षांत इतक्या हलक्या हाताने मला कोणी धरलं नव्हतं. तिचा अंगठा बटणावर बरोबर बसला. विहीर आली. तिने दाबलं आणि धरलं. मी त्या अर्ध्या ठिपक्याला विनवलं, बाबा रे, एवढ्या वेळी धर, मग खुशाल गळून पड. तो सटकला. बेडूक पडला. अकरा वेळा पडला. अकराव्यांदा तिने बटण धरूनच ठेवलं, बेडूक बुडाला, वरचे बुडबुडे विरले, तरी तिचा अंगठा तिथेच होता.

मग ती म्हणाली, "रिमोट तर बिघडला नसेल ना?"

माझ्यात जीव असता तर मी तिच्या पाया पडलो असतो.

"छे!" धाकटा म्हणाला. "ठणठणीत आहे. थांब, दाखवतो." आणि त्याने खार लावली.

मला एका क्षणात सगळं कळून चुकलं. खार पडली तर मी पकडला जाईन. खार उडाली तर मी निर्दोष सुटेन. आयुष्यात पहिल्यांदाच मी न चालण्यासाठी जिवाचा आटापिटा केला. अंग आखडून धरलं. वायर तुटावी म्हणून नवस बोललो. पण बटणाला स्पर्श झाला, ठिपका टेकला, खार उडाली. ओळीने चाळीस उड्या. एकही चुकली नाही. माझ्या सबंध कारकिर्दीत मी इतका सुरेख चाललो नव्हतो.

"बघ," धाकटा म्हणाला. "आमचा रिमोट म्हणजे सोनं आहे."

"खरंच," आत्या म्हणाली. तिने मला टेबलावर ठेवलं, माझी वायर नीट गुंडाळली. "साहेब बरोबर होते. मुलांना पुरी उडी हवी असते. मी उगाच भांडले त्यांच्याशी. सोमवारी नको म्हणून सांगते."

"अगं आत्या, बाकी सगळं छान आहे ना खेळात," ताई म्हणाली. "रंगांना आम्ही दहा दिलेत."

"रंग माझे नव्हते गं."

एवढं म्हणून ती आतल्या खोलीत जाऊन पडली. मला दाराच्या फटीतून तिची पावलं दिसतात. ती झोपलेली नाही. झोपलेल्या माणसाची पावलं अशी एकमेकांवर घट्ट ठेवलेली नसतात.

ताई आणि धाकटा हळू आवाजात बोलले. आत्याला वाईट वाटलंय, तिला काहीतरी भेट द्यायला हवी. आणि त्यांना जे सुचलं, ते ऐका. उद्या सकाळी ते मला लाकडी चौकटीत बसवणार आहेत. माझी वायर कापायची, पाठीला डिंक लावून मला कायमचं चिकटवायचं, वर काच लावायची आणि आत्याला द्यायचं. आठवण म्हणून. आता दोघं चौकट आणायला गेले आहेत. जाताना धाकट्याने मला मऊ फडक्याने पुसलं आणि म्हणाला, "याला आता आयुष्यभर जपायचं."

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू आपल्या गोष्टीच्या शेवटी हात जोडून सांगतात, आम्हाला जपा, आम्हाला फेकू नका. मी उलटं सांगतो. मला कृपा करून जपू नका.

माझ्या पाठीवर पाच स्क्रू आहेत, फुलीचे. खोली रिकामी आहे, दार नुसतं लोटलेलं आहे, आणि माझी पाठ अजून कोरडी आहे. तुमच्यापैकी जो कोणी जवळ असेल, ज्याच्या घरात स्क्रू ड्रायव्हर असेल, त्याने धावत यावं. मोठ्या माणसांना विचारत बसू नका. ती म्हणतील, चालतंय ना. पाठ काढा, उडीच्या बटणाची रबरी टोपी उचला, उलटी करा आणि तशीच आतल्या खोलीत नेऊन आत्याच्या तळहातावर ठेवा. समजावून सांगायची गरज नाही. अर्धा ठिपका पाहिला की तिला सगळं समजेल, तिने सात महिने याच गोष्टीचा विचार केला आहे.

त्यानंतर मला खुशाल फेकून द्या. पण आधी उघडा.