गच्चीवरची हवा

"मॅडम, धुराला जात असते का?"

भैरवीने विचारलं आणि प्रयोगशाळा बघायला आलेला नववीचा सगळा वर्ग गप्प झाला. हल्ली ती कुणाला भीत नव्हती. तरी हे विचारायची पैज मोनालीने लावली होती. "इचार ना वं, भेऊन काहून राह्यली?" ती बसमध्ये म्हणाली होती.

मोनालीचं घर भैरवीच्या मनीषनगरमधल्या सोसायटीमागच्या वस्तीत. वस्तीतल्या चुलींच्या धुराने मुलं आजारी पडतात, वस्ती हलवा, अशी सोसायटीची तक्रार होती. सोसायटीचे सचिव म्हणजे भैरवीचे बाबा. महापालिकेतल्या साहेबांपुढे सुनावणी उद्याच होती.

प्रयोगशाळेतल्या रितिका मॅडम हसल्या नाहीत. "जात नसते. उगम असतो." मग त्यांनी समजावलं. कार्बन हलकाही असतो, जरा जडही. ज्वारीत जड कार्बन जास्त, डिझेलमध्ये कमी. म्हणून हवेतले हायड्रोकार्बन तपासले, की ते कशातून आले याचा माग लागतो.

"आमच्या चुलीत तं ज्वारीचे धांडेच राह्यते," मोनाली म्हणाली. "मनीषनगरच्या मागं."

"मनीषनगर? तिथल्या एका सोसायटीच्या गच्चीवरून आम्ही हवा आणली होती. ज्वारी नावालाच सापडली. बाकी सगळं डिझेल. त्यांच्या सचिवांना, श्रीधररावांना, कळवलंय मी."

भैरवीचे कान तापले. परतताना मोनाली बसमध्ये दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. चिडवलं असतं तर बरं झालं असतं.

"बाबा, हवेचा निकाल आला होता?" जेवताना तिने विचारलं.

श्रीधररावांनी पोळी मोडली. "हवेची बाटली चुकीच्या जागी भरली त्यांनी. चुली पेटल्यावर वस्तीच्या भिंतीशी भरायला हवी होती. ते राहू दे. उद्या तू चल. साहेबांसमोर थोडं खोकलीस तरी पुरे."

"थोडं?"

"तुझ्या दम्यासाठीच चाललंय ना हे सगळं?"

तेवढ्यात लाइन गेली. खाली सोसायटीचा जनरेटर धडधडू लागला आणि भैरवीला खोकल्याची उबळ आली, खरीखुरी. बाबांनी सवयीने उठून वस्तीकडची खिडकी लावली. खोकला थांबेना. आई उठली आणि दुसरी खिडकी लावून आली, जनरेटरकडची.



भैरवी घोटभर पाणी प्यायली. श्वास लागला होता, पण आवाज नीट निघाला.

"उद्या येते मी," ती म्हणाली. "खोकेनही. पण मोनालीच्या शेजारी बसून."