तरोट्याची दुसरी वाटी

साहेब, तुम्ही खोटं लिहिलं. छापखाना तुमचा, कागद तुमचा, शिक्काही तुमचाच, पण खोटं ते खोटंच. तुळसाबाईच्या चुलीपुढं मांडी घालून तुम्ही जेवलात, तिच्याच तांब्यानं हात धुतलेत, रुमालानं मिशी पुसलीत, आणि जाऊन लिहिलंत की या गावची माणसं भुकेपायी गवत खातात. तुम्हाला वाटलं, चुलीपुढच्या बाईला कुठं वाचता येतं. तिला येत नाही. तिच्या पोरीला येतं.

आता तुम्ही काय खाल्लं ते नीट ऐका.

कळंबपासून दोन कोसांवर एक नाला आहे. नाल्याच्या अलीकडं वीस-बावीस घरं. छप्पन सालच्या दसऱ्याला या घरांनी कोनाड्यातले देव त्याच नाल्यात सोडले आणि ती बौद्ध झाली. पलीकडं बंजाऱ्यांचा तांडा. एकेकाळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरलेली ही माणसं आता तिथंच शेती करून राहतात. अलीकडं तुळसाबाई, पलीकडं सोनीबाई. दोघींची ओळख धुण्याच्या दगडावरची, तुळसाबाई लग्न होऊन आली त्या वर्षापासूनची.

या नाल्याला एक नियम होता. कुणी लिहिला नव्हता, सगळे पाळत. कच्चं इकडून तिकडं जाई, शिजलेलं जात नसे. अलीकडच्या घरची भाजी हिरवी असली तर तांड्यात चाले, तीच कढईतून उतरली की विटाळ. धर्म बदलला तरी तांड्यातले म्हातारे म्हणत, चूल तर तीच आहे. त्यामुळे इतक्या वर्षांत दोघींचं चाललं ते कच्च्यावर आणि तोंडी सांगण्यावर. तुळसाबाईनं ओटीत अंबाडीचा पाला आणायचा, सोनीबाईनं पदराला बांधून वाळलेली मोहफुलं. मग धुणं आपटता आपटता एकीनं सांगायचं, दुसरीनं ऐकायचं. मोहफुलं खापरावर भाजून तिळासंगं कुटली की लाडू कसा वळतो, कुड्याच्या फुलांचा कडूपणा किती पाण्यात जातो, हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाना हातानं चुरायचा की विळीनं चिरायचा. यावर तर त्या एकदा अख्खं धुणं वाळेपर्यंत भांडल्या होत्या. सोनीबाईनं होळीच्या बकऱ्याची सळोई सांगितली तेव्हा तुळसाबाईनं दगडावर बसून डोळे मिटले. रक्त किती घालायचं, कलेजी कधी टाकायची, मीठ शेवटी का, सगळं विचारून घेतलं आणि म्हणाली, आता माझ्या जिभेवर आली बघ. आली होती ती नुसती ऐकीव चव. दोघींना एकमेकींची फोडणी तोंडपाठ होती, पण एकीनं दुसरीच्या हातचा घास कधी खाल्ला नव्हता.

आणि खायला काय कमी होतं, साहेब? चैतात टेंभरं आणि चारं, ही रानची फळं. दाताला चिकटणारी, बोटं काळी करणारी, पोरांना घरचं जेवण विसरायला लावणारी. श्रावणात काटवलं, म्हणजे रानातली करटोली. कार्तिकात ओल्या तुरीचे सोले आणि कोवळी वांगी, एका भाकरीच्या तीन भाकरी होतील अशी भाजी. पौषात हुरडा. आणि आषाढात तरोटा. रस्त्याच्या कडेला, बांधावर, उकिरड्यालगत, कुणी न पेरता येणारा. तुमच्या डोळ्यांना तो तणच दिसणार. पण तो कधी खुडायचा हे बाईला माहीत असतं. तीन-चार पानांवर असेपर्यंतच त्याची भाजी. वितीएवढा वाढला की कडू झाला, मग त्याला बकरीही तोंड लावत नाही.

बासष्ट सालच्या आषाढात ग्रामसेवक मारोती सायकल टेकवून उकंडाच्या, म्हणजे तुळसाबाईच्या नवऱ्याच्या, ओट्यावर बसला. उद्या मोठे साहेब येणार, लोक काय खातात याची पाहणी करणार, आणि त्यांनी स्वतः सांगितलंय की पाटलाकडं नाही, बौद्धांच्या घरी जेवीन. तेवढं तुमचं भलं म्हणावं लागेल. अलीकडच्या घरांत सरकारी माणूस तोवर पाणीही प्यायला नव्हता. मारोती म्हणाला, मी रवा-साखर पाठवतो, शिरा-पुरी करा, गावाची लाज राखा. उकंडा लगेच हो म्हणाला. त्याची छाती फुगली होती.

तुळसाबाई चुलीपुढून बोलली. "सायेब आपन काय खातो ते पाह्याले येऊन राह्यला ना? मंग त्याले मारोतीभाऊचा शिरा कायले चारू?"

उकंडानं डोळे वटारले, मारोती हसला. ती ऐकणारी नव्हती. तिच्या मनात एकच होतं. आजवर तिच्या हातच्या जेवणाची तारीफ तिच्याच वस्तीनं केली होती. बाहेरच्यानं तिच्या घरी जेवायचं तर तिच्या हातचंच जेवावं, आणि त्यानं सांगावं की हे अन्न आहे.

पण आषाढ उतरतीला लागला होता आणि रस्त्यालगतचा तरोटा जून झाला होता. तांबडं फुटायच्या आधी ती निघाली. पळसाच्या दाट सावलीत, बांधाच्या उत्तरेला, जिथं ऊन उशिरा पोचतं तिथं मागाहून उगवलेला कोवळा तरोटा असतो, हे तिला आईनं दाखवलं होतं. अर्धा कोस चालली, वाकून वाकून कंबर मोडली, तेव्हा टोपलीभर शेंडे जमले. एकेक शेंडा नखानं खुडलेला. येताना दगडावर सोनीबाई भेटली. साहेब येणार हे तांड्यालाही कळलं होतं. तिनं पदर सोडला, मूठभर जवस दिलं, भाजून भरड कुटून शेवटी टाक म्हणाली, आणि वर हंगामाआधीच धरलेली दहा-बारा काटवलं.

"तुळसे, खाईन का वं तो?" तिनं विचारलं.

"न खाऊन जाईन कुठी तो," तुळसाबाई म्हणाली, पण पाय भराभर उचलत होती.

मग तिनं पाला उकळत्या पाण्यातून काढला, मुठीत धरून घट्ट पिळला, बारीक चिरला. लोखंडी कढईत तेल, ठेचलेला लसूण सोनेरी होईपर्यंत, सुक्या लाल मिरच्या, कांदा, रात्रभर भिजलेली हरभऱ्याची डाळ. डाळ मऊ व्हावी पण फुटू नये. मग पाला, मग झाकण, आणि उतरवताना सोनीबाईचं जवस. काटवलं नुसत्या तेल-मिठावर परतलेली. ज्वारीची भाकरी, तव्यावरून काढून निखाऱ्यावर उभी केलेली, पोटात वाफ धरून फुगलेली. लसणाची चटणी, कांदा. घरात डाळ होती, तेल होतं, कणगीत ज्वारी होती. हे सगळं तुमच्या डोळ्यांसमोर होतं, साहेब. कणगीला तर तुम्ही पाठ टेकून बसला होतात.

तुम्ही बसलात, मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर रकान्यांचा कागद. तुळसाबाईनं ताट ठेवलं आणि डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, "काही नाही जी आमच्या घरी. गवताचा पाला हाये, गोड मानून घ्या."

चूक झाली ती इथंच. पण तिनं केली ती चूक नव्हे, रीत होती. या मुलखात पाहुण्याला वाढताना आपल्या अन्नाची तारीफ कुणी करत नाही. पाटील लेकीच्या लग्नात पाच पक्वान्नं वाढतो आणि हात जोडून म्हणतो, मीठ-भाकर आहे, गोड मानून घ्या. कळंबच्या सावकाराची बायको पुरणपोळीवर तुपाची धार धरून म्हणते, आमच्याकडं कुठं काय. ऐकणाऱ्यानं लगेच म्हणायचं असतं, वा, इतकं कशाला केलंत? तुम्ही ते म्हणाला नाहीत. तुम्ही पेन्सिल काढलीत आणि कागदावर काहीतरी टिपलंत. तुळसाबाईला वाटलं, भाजीचं नाव लिहिलं.

मग तुम्ही जेवलात. पहिला घास जरा भीत भीत. दुसऱ्या घासाला थांबलात, वाटीत पाहिलंत. तिसऱ्यानंतर पेन्सिल कानावर गेली ती गेलीच. वाटी संपली. भाकरीच्या तुकड्यानं तुम्ही ती पुसली आणि तुळसाबाईकडं सरकवली.

"अजून आहे का थोडी?" तुम्ही विचारलंत.

दारापाशी उभा मारोती, भिंतीला टेकलेला उकंडा, अंगणातली चार माणसं, सगळ्यांनी ऐकलं. तुळसाबाई कढईकडं वळली. तिनं दुसरी वाटी काठोकाठ भरली, कढईच्या तळाची खरपूस भाजी वर घालून. तीही तुम्ही संपवलीत.

त्या दुपारी नाल्यापलीकडून सोनीबाई आली. दगडापाशी नाही, थेट घरी. उंबऱ्यावर उभी राहून विचारलं, खाल्ली का. तुळसाबाई म्हणाली, दोनदा. सोनीबाईनं क्षणभर मागं तांड्याकडं पाहिलं, मग आत येऊन कढईजवळच बसली.

"जवस मायं होतं. मले पाहू दे, तू त्याचं काय केलं ते."

कढईत बोटभर उरली होती. तुळसाबाईनं भाकरीच्या चतकोरावर घालून दिली. सोनीबाईनं डोळे मिटून खाल्लं. मग म्हणाली, लसूण जरा जास्त झाला. तुळसाबाई इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बावीस वर्षांनी पहिला घास, आणि बाई खोट काढते. पुढं तांड्यात बोभाटा झाला. सोनीबाईच्या नवऱ्याला, पूनमसिंगला, नायकानं बोलावून घेतलं. सोनीबाईनं त्याला एवढंच सांगायला लावलं की साहेबानं दोन वाट्या खाल्ल्या, माझ्या बायकोनं चतकोर खाल्ला, आधी त्याला विचारा. नायकानं ते प्रकरण तिथंच सोडलं. त्या होळीला सळोईचं एक गाडगं नाल्याच्या अलीकडं आलं. तुळसाबाईनं चाखलं आणि म्हणाली, मीठ कमी. दोघींची फिट्टंफाट झाली.

मग तुमचं पुस्तक आलं. पातळसं, करड्या पुठ्ठ्याचं, शाळेत आलं होतं. तुळसाबाईची प्रभावती, सातवी पास झालेली अलीकडच्या घरांतली पहिली पोर, मास्तरांकडून ते मागून घेऊन घरी आली. आईचं नाव असेल म्हणून आनंदानं उघडलं. वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. आई म्हणाली, थांबू नको. तिनं वाचलं: या वस्तीत अन्नाचा तीव्र अभाव आहे. लोक पावसाळ्यात रानातील तण शिजवून पोट भरतात. एका निरक्षर गृहिणीने स्वतःच सांगितले की घरात काही नाही, गवताचा पाला खातो.

तुळसाबाईनं एकच विचारलं, दुसऱ्या वाटीचं काय लिहिलं आहे. प्रभावतीनं पानं मागंपुढं केली. काही नव्हतं.

पुढचं सगळं त्या पुस्तकानंच आणलं. नाल्याकाठी खरी भूकही होती, साहेब, चैत-वैशाखात कुणाकुणाच्या घरी चूल एकदाच पेटे. ती तुम्ही लिहिली असती तर तुमचे पाय धरले असते. पण तुम्ही जिथं भूक नव्हती तिथं ती लिहिली, आणि होती तिथं गेलाच नाहीत. दुधाच्या भुकटीचे डबे आले. शहरातून इंदुताई आल्या, भल्या बाई, स्टोव्ह घेऊन आल्या. त्यांनी तुळसाबाईला भोपळा मिठाच्या पाण्यात उकडायला शिकवलं. तुळसाबाईनं मान डोलावली, आभार मानले, घरी येऊन तोच भोपळा लसणावर परतला. पण मारोती येता-जाता हसायचा, माझा शिरा केला असता तर पुस्तकात गव्हाचं गाव झालं असतं. आणि तांड्यातल्या म्हाताऱ्यांना बोलायला जागा मिळाली. पूनमसिंगला ते विचारू लागले, साहेब भुकेल्यांवर दया करून जेवला, तुझी बायको कशाला जेवली?

सोनीबाईनं मात्र नाल्याअलीकडं येणं सोडलं नाही. दर आषाढात पहिली कढई उतरली की ती हजर. दरवर्षी लसूण जास्त.

गेल्या वर्षी तिचा मुलगा धरमसिंग राजूरच्या कोळशाच्या खाणीवर लागला आणि आईबापांना घेऊन गेला. जाताना सोनीबाईनं दगडावर जवसाची पुरचुंडी ठेवली. तिकडं सगळीकडं काळी धूळ आहे म्हणतात, तरोटा उगवतो की नाही कोण जाणे. तुळसाबाई आता एकटीच धुणं धुते. या आषाढात तिनं पळसाखालून शेंडे खुडून आणले, जवस भरड कुटलं, कढई उतरवली, आणि उंबऱ्याकडं पाहिलं. कुणी आलं नाही. तेव्हा तिला कळलं की तिच्या हातच्याला अन्न म्हणणारी बाहेरची माणसं दोनच होती. एक राजूरला गेली. दुसऱ्यानं लिहून ठेवलंय की ते गवत होतं.

तिनं प्रभावतीला पोस्टकार्ड आणायला लावलं. प्रभावतीनं सुरुवात केली, "माननीय साहेबांस नम्र विनंती..."

"इनंती खोड," तुळसाबाई म्हणाली. "तो माह्या घरी जेवला हाये. मी त्याच्या घरी नाही."

प्रभावतीनं खोडलं. मग आई बोलली तसंच लिहिलं, एक अक्षर न बदलता:

"सायेब, पयली वाटी म्या वाढली. ते तुमी भूक म्हून लिवली, लिवा. दुसरी वाटी तुमी आपल्या तोंडानं मांगतली. चार जन साक्षीले हायेत. ते दुसरी वाटी कोन्या रकान्यात लिवली? भूक कोनाची होती, माही का तुमची? जबाब पाठवा. भाजी कडू व्हायच्या आत पाठवा."