थेंबबाईंचा तक्ता

"पस्तीस," बाटली उजेडासमोर धरून थेंबबाई म्हणाल्या. "चार नंबर, पस्तीस. पुढे कोण आहे?"

दुधाच्या खोलीच्या खिडकीबाहेर पाच आया रांगेत उभ्या होत्या. कुणी गाउनवर शाल ओढलेली, कुणी भिंतीला टेकलेली. त्यांची बाळं समोरच्या खोलीत काचेच्या पेट्यांत होती. दोन-दोन महिने आधीच जगात येऊन दाखल झालेली, किलोभराच्या आतबाहेर वजनाची. त्यांना ओढून दूध पिता येत नाही. पोटात सोडलेल्या बारीक नळीतून दर दोन तासांनी द्यावं लागतं. म्हणून आयांनी दूध काढून आणायचं आणि थेंबबाईंनी ते मोजून, वर नंबर चिकटवून, फ्रिजमध्ये ठेवायचं.

थेंबबाई हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. टेबलावर दूध सांडलं तेव्हा त्यांनी ते कापसानं टिपलं, कापसाचं वजन केलं आणि तेवढं दूध वहीतून वजा केलं, तेव्हापासून हे नाव पडलं. त्याला बावीस वर्षं झाली. त्यांचा नवरा तर सांगायचा, "चहात साखर जास्त पडली तर ही माझी सही घेते." थेंबबाईंना दोन्ही गोष्टी माहीत होत्या आणि दोन्हींचा त्यांना थोडा अभिमानच होता.

खरा अभिमान मात्र होता तो दारावरच्या तक्त्याचा. कल्पना त्यांचीच. प्रत्येक आईची एक रांग, आणि ताज्या बाटलीतल्या प्रत्येक पाच मिलिलिटरला एक हिरवा गोल. चौतीस आणलं तर गोल सहाच. वरच्या चाराला सातवा गोल मिळेल ही आशा नको. हा तक्ता लावल्यापासून दूध वाढलं, असं मोठे डॉक्टर पाहुण्यांना सांगायचे. पाहुणे मान डोलवायचे आणि थेंबबाई तेवढ्यापुरतं फ्रिज पुसायला घ्यायच्या.

तक्त्याचा सगळ्यात निष्ठावान वाचक म्हणजे चार नंबरची सासू. रोज सकाळी डबा घेऊन यायची, चष्मा लावायची आणि मोठ्यानं मोजायची.

"सात! काल सहा होते. आमची सून बघा, दिसते काडी, पण कुणाला हार जायची नाही."

"आजी, हळू बोला, आत बाळं झोपलीत."

"झोपू देत की. गोल मोजलेले ऐकून अंगाला लागेल त्यांच्या."

चार नंबरच्या अंगाला मात्र काहीच लागत नव्हतं. आठ दिवसांपूर्वी वजन एक हजार चाळीस ग्रॅम. काल एक हजार चाळीस. आज सकाळी एक हजार बत्तीस.

राउंडला मोठे डॉक्टर चार नंबरच्या पेटीपाशी इतरांपेक्षा जास्त वेळ थांबले. रक्तातलं मीठ उतरलं होतं. "आईचं दूध भरपूर, वर पोषणाची भुकटी मिसळतोय, माप बरोबर, आणि पोरगं उतरतंय. आतडं घेत नसणार. संध्याकाळी बघतो, नाहीतर नळीचं दूध बंद करून सगळं शिरेतून देऊ."

"एक दिवस थांबता येणार नाही, सर?"

"कशासाठी थांबू, सिस्टर? वही तुमची, मापं तुमची. त्यात काही चूक असेल तर सांगा."

चूक हा शब्द थेंबबाईंना त्यांच्या वहीजवळ ऐकायची सवय नव्हती. शिरेतून देणं म्हणजे काय, हेही त्यांना पाठ होतं. दोऱ्याएवढ्या शिरेत सुई, सुईमागून जंतू येण्याची टांगती तलवार, आणि आतडं रिकामं पडून राहणार. त्यातून बाहेर आलेली बाळं त्यांनी पाहिली होती. न आलेलीही.

दुपारी आया जेवायला गेल्या तेव्हा त्यांनी वही काढली. दोन नंबर: सत्तावीस, चौतीस, एकोणीस. सात नंबर: बेचाळीस, अडतीस, एक्केचाळीस. चार नंबर: तीस, पस्तीस, तीस, तीस, पस्तीस.

त्यांनी पान उलटलं. तीस, तीस, पस्तीस.

आठ दिवस, दिवसाला पाच, म्हणजे चाळीस नोंदी. एकही नोंद पाचाच्या पटीबाहेर नाही. आठ दिवसांच्या आधी मात्र चौदा, सोळा, अकरा असे साधेसुधे, वेडेवाकडे आकडे. बावीस वर्षांत त्यांनी कुणाचं दूध इतकं शिस्तीत वागताना पाहिलं नव्हतं.

त्या उठल्या आणि फ्रिज उघडला. पहाटेपासून स्थिर उभ्या असलेल्या बाटल्यांत साय वर आली होती. दोन नंबरच्या बाटलीत बोटभर थर. चार नंबरच्या बाटलीत नखाच्या कडेएवढा, आणि खालचं दूध निळसर, आरपार दिसणारं.

चार नंबरची आई परत आली तेव्हा थेंबबाईंनी तिला आत घेतलं, स्टूल पुढे सरकवलं आणि खिडकी लावली.

"तू कामाला कुठे असतेस गं?"

"टपाल कचेरीत. पार्सलच्या खिडकीवर."

"म्हणजे माझ्याच जातकुळीची. तोलायचं आणि लिहायचं."

"हो." तिला बरं वाटलं. इथे येऊन तिच्या कामाबद्दल पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं.

"मग मला सांग, बरोबर किलोचं पार्सल कधी पाहिलंस? ना एक ग्रॅम कमी, ना जास्त?"

"एकदाच आलं होतं. फुटलं तर आत वजन भरायला..." ती बोलता बोलता थांबली.

"काय होतं आत?"

"वाळू," ती म्हणाली. मग मांडीवरच्या हातांकडे बघू लागली. "उकळलेलं होतं, सिस्टर. दोनदा उकळायची मी. गार करायची. घाणेरडं काही घातलं नाही."

"किती घालायचीस?"

"पुढच्या गोलापर्यंत. आधी दोन-तीनच. मग खाली येता येईना."

थेंबबाईंनी चार नंबरची बाटली फ्रिजमधून काढून टेबलावर ठेवली. ती बघून आई घाईघाईनं बोलू लागली.

"मी सगळ्यात खाली होते. सासूबाई रोज वाचायच्या. त्या टोचून बोलल्या नाहीत हो, कधीच नाही. 'होईल, होईल' म्हणायच्या. ते 'होईल' ऐकवत नव्हतं. आणि कमी पडलं की तुम्ही दूधपेढीतलं देणार, दुसऱ्या कुणाचं. त्याला उचलायचं नाही, पुसायचं नाही, दुपटंसुद्धा तुम्हीच बदलता. माझं म्हणून एवढं एकच होतं. तेही दुसरीनंच करायचं तर मी रोज येते कशाला?"

"ते पोट बघितलंस केवढं आहे? लिंबाएवढं. त्यात तेरा मिलिलिटर मावतं. त्यातली निम्मी जागा तू पाण्याला दिलीस. पोट भरलं आणि पोरगं उपाशी."

हे खरं होतं म्हणूनच फार लागलं. ती रडली, पण आवाज न करता. त्या मजल्यावर सगळ्याच आया तसं रडायला शिकतात. थेंबबाईंनी तिला रडू दिलं. बोलायला त्यांच्याकडे आणखी बरंच होतं. पण आत उघडलेल्या दारावरचा तक्ता समोर दिसत होता, आणि तिथले गोल त्यांनीच चिकटवले होते, एकेक, अंगठ्यानं दाबून.

त्यांनी वही दोघींच्या मधे ठेवली. लाल पेन घेतलं.

"खरे आकडे आठवतात?"

तिनं डोळे पुसले. "सगळे."

"मागचा मंगळवार, सकाळ. लिहिलंय तीस."

"सोळा."

"दुपार, तीस."

"एकोणीस. त्या दिवशी झोप लागली होती."

"संध्याकाळ, पस्तीस."

"चौदा."

एकेक आकडा खोडत, शेजारी खरा लिहीत, बाजूला सही करत थेंबबाई पुढे गेल्या. बावीस वर्षांत त्या वहीत एक खाडाखोड नव्हती. चाळीसच्या चाळीस आकडे आईनं एकदाही न अडखळता सांगितले. कुणी मागितले नव्हते तरी तिनं ते सांभाळून ठेवले होते.

संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांसमोर वही उघडी ठेवून त्या म्हणाल्या, "चार नंबरच्या दुधात पाणी होतं, सर. जवळजवळ निम्मं."

डॉक्टरांनी लाल पान पाहिलं, मग त्यांच्याकडे. "पाणी? कुणी घातलं?"

"माझ्या तक्त्यानं."

डॉक्टरांनी वही मिटली. "सिस्टर, तो तक्ता आपण पाहुण्यांना दाखवतो."

"आता दाखवू नका."

शिरेतून देणं टळलं. कमी पडेल तेवढं पेढीतलं घालायचं ठरलं, मीठ औषधानं भरून काढायचं ठरलं. आणि रागावलेल्या डॉक्टरांनी आईला दोन शब्द सुनावायचं ठरवलं होतं, ते थेंबबाई दारातून हलल्याच नाहीत म्हणून राहून गेलं.

तक्ता त्यांनी त्याच संध्याकाळी उतरवला. पुठ्ठा जाड, चांगला होता. टाकवेना. उलटा करून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात अंथरला.

दुसऱ्या दिवशी सासूबाई चष्मा लावून कोऱ्या दारासमोर उभ्या. "अहो सिस्टर, आज निकाल नाही लागला?"

"परीक्षाच रद्द झाली, आजी."

"आता गं बाई! आमची सून पुढे होती आणि रद्द?"

"हो ना. नेमकं तेव्हाच."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेनं खाली पाहिलं. काय समजायचं ते म्हातारीला समजलं की नाही, कोण जाणे, तिनं डबा सुनेच्या हातात दिला आणि म्हणाली, "बरं झालं. रोज मोजून मान दुखत होती माझी."

पहिले तीन दिवस वजन हललं नाही. चौथ्या दिवशी बारा ग्रॅम. सहाव्या दिवशी एकदम बावीस, तेव्हा थेंबबाईंनी काटा शून्यावर आणून पुन्हा तोलायला लावलं. बावीसच.

त्या सकाळी आईनं बाटली खिडकीतून आत दिली. थेंबबाईंनी ती उजेडासमोर धरली. दूध अकराच्या रेघेच्या किंचित वर होतं. त्यांनी बाटली थोडी तिरकी केली, पुन्हा सरळ केली.

"साडेअकरा लिहू?"

उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला अर्धा दिला नव्हता. रांगेतल्या दोन नंबरनं मान वर करून बघितलं.

आईनं बाटलीकडे पाहिलं, पार्सलकडे पाहावं तसं, डोळे बारीक करून.

"अकरा," ती म्हणाली. "अकरा लिहा."

थेंबबाईंनी अकरा लिहिलं. वर पेढीतलं दोन घातलं, भुकटी मिसळली आणि आज स्वतः आईला घेऊन पेटीपाशी गेल्या. नळीला जोडलेली, दट्ट्या काढलेली उघडी पिचकारी त्यांनी तिच्या हातात दिली.

"एवढ्या उंचीवर धर. फार वर नेलीस तर धावेल, खाली आणलीस तर थांबेल. दाबायचं नाही काही. आपोआप उतरतं."

ती धरून उभी राहिली. तेरा मिलिलिटर उतरायला बराच वेळ लागला. तिचा हात भरून आला, पण उंची बदलली नाही. पिचकारी रिकामी झाली आणि टोकाशी एक थेंब अडकून राहिला.

"झालं?" तिनं हळूच विचारलं.

"नाही," थेंबबाई म्हणाल्या.

तो उतरेपर्यंत दोघी थांबल्या.