देवदूत ठरेपर्यंत कुलूप

आमच्या रुग्णालयात नातेवाइकांसाठी विश्रांतीची खोली बांधून तयार होती. गादीचे बाक, थंड पाण्याचं यंत्र, सगळं होतं. शिवाय दाराला कुलूपही होतं. भिंतीवर सर्व धर्मांना चालेल असा देवदूत रंगवल्याशिवाय खोली उघडायची नाही, असं अधीक्षकांनी ठरवलं होतं. देवदूत नेमका कसा दिसतो हे ठरवायला समिती होती. समिती अर्थातच त्याच खोलीत बसायची. बाक फार मऊ होते.

माझे सासरे इतर नातेवाइकांबरोबर बाहेर जिन्यावर बसायचे. सासूबाई अतिदक्षता विभागात बेशुद्ध होत्या. "ती डोळे उघडेल तेव्हा मी समोर हवा, नाहीतर जन्मभर ऐकवेल," म्हणत ते घरी जायला तयार नव्हते. पाय सुजून चपलेत मावत नव्हते.

मी खालच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. समितीत विज्ञानही हवं, म्हणून मला घेतलं होतं.

"पंख दोन," पाद्री म्हणाले. "फार तर सहा."

"पंख आमच्याकडेही आहेत," मौलाना म्हणाले, "पण चित्र नको. भिंत पांढरीच ठेवा."

"मग समिती कशाला नेमली?" अधीक्षक दुखावले.

शास्त्रीबुवांनी गंधर्व सुचवले. "गातात, दिसायला देखणे. दूतच हवे असतील तर यमाचे आहेत."

"अहो, हॉस्पिटल आहे हे!"

"म्हणूनच म्हटलं."

अधीक्षक माझ्याकडे वळले. "मॅडम, विज्ञान काय म्हणतं?"

"माणसाएवढं वजन उडवायचं तर पंखांच्या स्नायूंसाठी छाती हातभर पुढे काढावी लागेल. पैलवान दिसेल. तरी उडेलच असं नाही."

माझं मत विचाराधीन ठेवण्यात आलं.

मग भन्ते म्हणाले, "आमच्याकडे म्हातारा, आजारी आणि प्रेत, हेच देवदूत. त्यांना बघून माणसाला अक्कल यावी, एवढंच त्यांचं काम."

"छान आहे," अधीक्षक म्हणाले, "पण भिंतीवर शोभणार नाहीत."

"एक बाहेर बसलेत," मी म्हटलं आणि दार उघडलं. "बाबा, आत या."

"अगं, मोठी माणसं बसलीत. मी बरा आहे इथे."

"मोठी माणसं सरकतील."

मौलाना आधी सरकले, मग पाद्री. बाबा टेकले आणि तोंड उघडं टाकून झोपले. त्यांच्यामागून जिन्यावरची सगळीच मंडळी डबे, पिशव्या, उशा घेऊन आत आली. शास्त्रीबुवा एका आजींसाठी उठले. अधीक्षकांना तर बसायलाच जागा उरली नाही.

"अजून ठराव झालेला नाही!" ते ओरडले.

"हळू," भन्ते म्हणाले. "झोपलेत ते."

तेवढ्यात दारात सिस्टर आल्या. "बाबा, उठा. शुद्धीवर आल्यात. विचारतायत, हे कुठे उलथले म्हणून."

बाबा अनवाणीच, भिंत धरत निघाले. त्यांच्या जागेवर अधीक्षक घाईघाईने बसले. आता खोलीला परत कुलूप लावायचं तर आधी एवढ्या माणसांना उठवायला हवं होतं, आणि त्यासाठी वेगळी समिती लागली असती.