आपलीच मोहर

जागेश्वरभाऊंना पुन्हा भट्टीवर पाठवलं ते एका चुकीच्या 'येस'मुळे, असं आमच्या कारखान्यात कुणालाही विचारा, सांगतील. तो 'येस' त्यांनी दाबला हे खरं आहे. दाबायला मी शिकवलं हेही तेवढंच खरं आहे, पण ते कुणी सांगत नाही. म्हणून मीच सांगते.

मी दीप्ती गजभिये. गोंदियात हिरालाल शेठच्या लाखेच्या कारखान्यात कॉम्प्युटर 'पाहते'. हा शेठचाच शब्द. वायर निघाली, प्रिंटरमध्ये कागद अडकला, शेठच्या नातवाचा गेम बंद पडला, की दीप्ती पाहील. दरेकसा, देवरीकडच्या जंगलातून पळसाची, कुसुमाची लाख येते, खाली भट्टीवर वितळते, तिचा पातळ पापुद्र्यांचा चपडा होतो आणि तो जर्मनीला जातो. तिथे तो गोळ्या-चॉकलेटांना चकाकी आणायला वापरतात म्हणे. आमच्या भट्टीवरच्या कुणी ती चॉकलेटं खाल्लेली नाहीत.

माल जाण्याआधी नमुना जातो. पांढऱ्या कापडाची थैली, तिला सुतळीची गाठ, गाठीवर गरम लाख आणि त्या लाखेवर पितळी मोहर. मोहर शेठच्या आजोबांच्या वेळची. जर्मनीचा व्यापारी थैली फोडण्याआधी ती मोहर बघतो, तीस वर्षं बघत आलाय. आणि ती मोहर ज्यांच्या ताब्यात, ते जागेश्वर मडावी, म्हणजे आमचे जागेश्वरभाऊ.

ते दरेकश्याचे. रोज पॅसेंजरने येत. सोळा वर्षं भट्टीवर काढली, मग छातीनं हात टेकले. डॉक्टरनं सांगितलं, धूर बंद करा, नाहीतर दुसरा डॉक्टर शोधा. तेव्हा शेठनं त्यांना वर ऑफिसात घेतलं, नमुने आणि मोहर त्यांच्याकडे दिली. ही शेठची भलाई मी नाकारत नाही. वर आल्यापासून भाऊंचा खोकला निम्म्यावर आला होता. ती खुर्ची म्हणजे त्यांचं औषधच होतं.

२००८ च्या दिवाळीनंतर जर्मनीहून कळवलं की नव्या वर्षापासून पत्रव्यवहार कंपनीच्या स्वतःच्या मेल सर्व्हरवरून आणि सुरक्षित मार्गानंच करावा. मी ऑफिसात एका कोपऱ्यात सर्व्हर उभा केला. राहिलं सर्टिफिकेट. आपलं मेल उघडणाऱ्या मशीनला 'हा सर्व्हर खरोखर ह्याच कंपनीचा' अशी खात्री देणारा तो दाखला. तीन प्रकार मी कागदावर मांडले. एक साधा, नुसतं इंटरनेटवरचं नाव तपासून मिळणारा. एक कंपनीची कागदपत्रं तपासून मिळणारा. आणि एक आणखी भारी, जो आपल्याला लागत नव्हता. साधा घेऊ म्हणून शेठकडे गेले.

शेठनं विचारलं, हे असते काय. आता नको तिथे हुशारी सुचली. मी म्हटलं, शेठजी, आपण थैलीवर लाख लावून मोहर मारतो ना, तसंच. ही मेलवरची मोहर.

शेठ खुर्चीत सरळ झाले. "मंग कोणाची मोहर हाय ही?"

मी सांगितलं, अमेरिकेतल्या एका कंपनीची.

"म्हणजे मी हिरालाल आहो, हे अमेरिकावाला सांगणार? साऱ्या दुनियेला मोहर मारायले लाख आपण देतो, अन् मोहर दुसऱ्याची? अपनी नाही बनत का?"

बनते, हेच तर दुखणं होतं. सर्व्हर स्वतःचं सर्टिफिकेट स्वतः बनवू शकतो. पण त्याला ओळखणारं कुणी नसतं, म्हणून प्रत्येक मशीन मेल उघडताना खिडकी दाखवून विचारतं, हे ओळखीचं नाही, पुढे जायचं का? शेठ म्हणाले, विचारू दे. वर, विकतचा दाखला वर्षानं संपतो हे कळल्यावर तर ते हसलेच. वर्षानं सडणारी मोहर त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. पैशाचा प्रश्न असता तर मी भांडले असते, शेठ पैशाला मागे हटत नाहीत. पण इथे आजोबांची मोहर आडवी आली होती. तिच्यापुढे मी काय बोलणार?

इथपर्यंत चूक शेठची. पुढची माझी. आपलं सर्टिफिकेट आपल्या मशीनमध्ये आधीच ओळखीचं म्हणून भरून ठेवता येतं. मग ती खिडकी येत नाही, आणि आलीच तर समजायचं की काहीतरी गडबड आहे. नऊ मशीन होती, एकेका मशीनला वीस मिनिटं लागली असती. मी नाही केलं. मला राग आला होता. तुम्हाला तुमचीच मोहर पाहिजे ना, तर भोगा रोज ती खिडकी, असा माझा रुसवा. दोन दिवस सगळे जिन्यावरून हाका मारत राहिले, दीप्ती, हे काहीतरी विचारून राहिलं. तेव्हा वैतागून मी नऊ चिठ्ठ्या लिहिल्या आणि नऊ मशीनला चिकटवल्या. 'खिडकी आली की येस दाबा. वाचत बसू नका.'

शेवटचं वाक्य लिहायची गरज नव्हती. तेवढा राग कागदावर उतरला.

जानेवारीत भाऊ नमुने घेऊन कलकत्त्याला गेले. सोबत ऑफिसचा लॅपटॉप, त्याच्या झाकणाला आतून माझी चिठ्ठी. लॉजमध्ये इंटरनेट होतं. भाऊंनी मेल उघडलं, खिडकी आली, भाऊंनी येस दाबलं. त्या लॉजच्या इंटरनेटवर कुणीतरी आमचा सर्व्हर असल्याचं सोंग घेऊन बसलं होतं. भाऊंचा पासवर्ड त्याच्या हातात गेला, आणि मेल नेहमीसारखं उघडलं, म्हणून भाऊंना काही कळलं नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी मी सर्व्हर पाहिला तर जागेश्वर मडावी या नावानं रातोरात हजारो मेल जगभर गेल्या होत्या. लॉटरी लागली, औषधं घ्या, नको ते फोटो बघा. काही मेल जर्मनीच्या ऑफिसातही पोचल्या. मी पासवर्ड बदलला, नोंदी उलगडल्या, कलकत्त्याच्या त्या दिवसापर्यंत पोचले. पण तोवर आमचं नाव जगाच्या काळ्या यादीत चढलं होतं. काहीही पाठवा, परत येत होतं. मी त्या यादीवाल्यांना अर्जावर अर्ज केले. समोर माणूस असता तर पाया पडले असते, पण तिथे माणूसच नव्हता. शेठनं जर्मनीला फोन लावला. तो माणूस गोड बोलला आणि म्हणाला, नियम आहे. वर्षाची मागणी दुसरीकडे गेली. पुढच्या वर्षी विचार करायचा तर लेखी कळवा, जबाबदार कोण होतं आणि त्याच्यावर काय कारवाई केली.

झालं. जबाबदार माणूस शोधायला किती वेळ लागतो? मेलवर नाव तर लिहिलेलंच होतं.

शेठनं भाऊंना माझ्यासमोर बोलावलं. विचारलं, त्या दिवशी काय दाबलं? भाऊ म्हणाले, रोज दाबतो तेच. कोणी सांगितलं होतं, असं शेठनं विचारलं नाही आणि भाऊंनी सांगितलं नाही. मी तोंड उघडलं तसं शेठनं हातानंच थांबवलं. भाऊंनी कपाटातून मोहर काढली, पंच्यानं पुसली आणि टेबलावर ठेवली. काढून टाकत नाही, शेठ म्हणाले, जुना माणूस आहेस, भट्टीवर जागा आहे. डॉक्टरनं काय सांगितलं होतं ते त्या खोलीत तिघांनाही माहीत होतं.

बाकी मशीनवरच्या चिठ्ठ्या केव्हाच गळून गेल्या होत्या, उरलेली एक पाहायला मी लॅपटॉप उघडला. झाकणावरची चिठ्ठी नव्हती, नुसता चिकटपट्टीचा डाग होता. जिन्यात भाऊ थांबले होते. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला.

"हे कोनाले दिसलं असतं तं तुमचं गेलं असतं," ते म्हणाले. "तुमच्या मायच्या डोऱ्याचं आपरेशन हाये ना यंदा."

मला शरम वाटली, इतकी की पायरी दिसेना. तसंच उलट वर गेले आणि शेठपुढे चिठ्ठी ठेवली. सगळं सांगितलं. माझा रुसवा, नऊ मशीन, वीस मिनिटं, सगळं. अक्षर माझं आहे, पत्रात माझं नाव लिहा म्हटलं.

शेठनं चिठ्ठी वाचली. चिडले नाहीत, चिडले असते तर बरं वाटलं असतं. दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात बोलले.

"हे कागद पुढे गेलं तं तुझं नाव येते. मंग ते विचारतील, अशी मोहर ठेवाले कोण बोललं? तं माझं नाव येते. तीन नावं कायले पाहिजे, बेटा? त्यायले एकच पाहिजे. अन् तू गेली तं सर्व्हर कोण पाहील?"

मी म्हटलं, भाऊंच्या छातीचं काय?

शेठ खिडकीकडे वळले. मग म्हणाले, ते अमेरिकेवालं मागवून घे, आजच्या आज. साधं नको, दुसऱ्या नंबरचं घे.

मी मागवलं. दुसरं काय केलं असतं? राजीनामा दिला असता तर भाऊ भट्टीवरच राहिले असते आणि मायचं ऑपरेशनही राहिलं असतं, हा हिशेब मी स्वतःला रोज सांगते. रोज सांगावा लागतो, यातच आलं सगळं. कागदपत्रं तपासून चार दिवसांनी सर्टिफिकेट आलं. बसवायला अर्धा तास लागला. खिडकी बंद झाली.

त्या दुपारी मी खाली भट्टीवर गेले. कोळशाची लांब भट्टी, तिच्यासमोर लाख भरलेली कापडाची पिशवी पिळत भाऊ बसले होते, तोंडाला फडकं बांधून. मी शेठकडे गेले होते, काही झालं नाही, एवढं सांगायला गेले होते. ते त्यांना आधीच माहीत होतं. त्यांनी फडकं खाली केलं, खोकले, खोकला थांबायची वाट पाहिली.

"ताई, एक विचारू का? त्या दिवशी खिडकीत नाव आपल्या कंपनीचं नव्हतं. रोज आपलं राह्यते. थैलीच्या लेबलवर मीच लिहितो ना ते, मले एक एक अक्षर ओरखू येते. मी बहुत वेळ पाहत राहिलो. बोट 'नो'वर नेलं होतं."

त्यांनी फडक्यानं कपाळ पुसलं.

"मंग चिठ्ठी पाहिली, वाचत बसू नका. म्हटलं, ताई शिकेल आहे, तिले आपल्यापेक्षा जास्त समजते. 'नो' दाबलं असतं तं बरोबर होतं का?"

मी खोटं बोलू शकले असते. त्यांना बरं वाटलं असतं की आणखी वाईट, हेही मला कळत नव्हतं.

"हो भाऊ," मी म्हटलं. "बरोबर होतं."

त्यांनी मान डोलावली. "मले वाटलंच होतं," म्हणाले, आणि फडकं परत तोंडावर चढवून पिशवी पिळायला लागले.