गोठ्यामागची टाकी

पहिल्यांदा खुरपं गेलं तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. खुरपं कुठेतरी बांधावर राहतं, गवतात पडतं, आणि पुढच्या नांगरटीला फाळाला अडकून आपसूक वर येतं. मग विळा गेला. मग छाटणीची मोठी कात्री गेली. आणि एका सकाळी आक्कांचा मुलगा सरपण फोडायला गेला, तर ओंडक्यावर कुऱ्हाडीची खाच तेवढी होती, कुऱ्हाड नव्हती.

त्या दिवशी त्याने घर डोक्यावर घेतलं.

"अवजारांना काय पाय फुटलेत? आज कुऱ्हाड गेली, उद्या ट्रॅक्टर जाईल, आणि तुम्ही सगळे तोंड वासून बघत बसाल!"

शेतावर माणसं तरी किती होती? एक आक्का. त्यांचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्या धान्य निवडणं आणि गुरांना पाणी दाखवणं एवढंच करत. दुसरा हा मुलगा. सगळे त्याला मालक म्हणत, आणि हल्ली तो घरातही मालकासारखाच वागे. तिसरी सून. कामाला वाघ, पण बोलायला सांगितलं तर तिच्या तोंडून शब्द फुटणं मुश्किल. आणि चौथा गडी. वारा सुटला तर खांबाला धरून उभा राहील अशी त्याची अंगकाठी, म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणत.

संशय कुणावर जाणार, हे ठरल्यासारखंच होतं.

"मालक, मी कुऱ्हाड चोरून करू काय?" पैलवान हसतच म्हणाला. "ती उचलायलाच मला आणखी एक माणूस लागतो."

एरवी या बोलण्यावर सगळे हसले असते. मालक हसला नाही. तेवढ्यात आक्का बोलून गेल्या, "काल संध्याकाळी हा पोतं खांद्यावर टाकून निघाला होता. जड होतं वाटतं."

बोलल्या त्यात खोटं काही नव्हतं. पोतं त्यांनी खरंच पाहिलं होतं. पण शब्द तोंडातून सुटला तशी मुलाने पैलवानाला गचांडी धरून अंगणात ओढलं आणि कानाखाली अशी दिली की तो भेलकांडून भिंतीला जाऊन धडकला. मग मालक त्याला ओढत त्याच्या खोपटापर्यंत घेऊन गेला. पोतं उपडं केलं, तर त्यातून वाळक्या काटक्या निघाल्या. चुलीला. तरीही मालक म्हणाला, "सामान उचल आणि चालता हो."

गाठोडं घेऊन पैलवान अंगणातून गेला. जाताना थांबला. "आक्का, तुम्ही तरी सांगा काहीतरी."

आक्का धान्य निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

तो गेल्यावर चार दिवस बरे गेले. मग पहार नाहीशी झाली.

आता मालकाने अवजारांच्या खोलीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला लावली, शेजारच्या शेतकऱ्याशी भांडण उकरून काढलं. बाहेर कुणी सापडेना तेव्हा राग घरात वळला. भरदुपारी आतल्या खोलीतून काहीतरी आपटल्याचा आवाज यायचा, मग त्याचा दबलेला आवाज, आणि सुनेचा अजिबात नाही. अशा वेळी आक्कांना नेमकी गुरांना तहान लागल्याची आठवण व्हायची. त्या काठी टेकत गोठ्यात जायच्या आणि आवाज थांबेपर्यंत गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहायच्या. त्यांचा नवराही असाच होता. त्यांच्या वेळी त्यांनी कधी ब्र काढला नव्हता. फक्त बोलताना नेहमी दाराजवळ उभं राहायला शिकल्या होत्या.

एकदा मालक नवा कोयता आणायला बाजाराला गेला होता. आक्का गोठ्याच्या सावलीत पेंगत होत्या. मागच्या बाजूने डुबुक असा आवाज आला.

गोठ्यामागे एक जुनी टाकी होती. वरच्या कडेला तडा गेल्यापासून तिच्यात नवं पाणी कुणी भरत नसे. पावसाचं साचलेलं, शेवाळाने हिरवंकच्च झालेलं पाणी. गुरंही त्याला तोंड लावत नसत. आक्का भिंतीला धरून वळल्या, तर कठड्याशी सून उभी. तिच्या हातात घरातली खिळे ठोकायची हातोडी होती. दुसरी एक नुकतीच बुडाली असावी, कारण शेवाळ फाटून पाणी अजून हलत होतं.



"तू?" आक्का म्हणाल्या. "अगं, त्या गरिबाने मार खाल्ला! तू बघत उभी होतीस."

"हो." सुनेने हातोडी पाण्यात सोडली, अगदी सावकाश, बाळाला पाळण्यात ठेवावं तशी. "तेव्हा बोलले असते तर आज इथे नसते, आई."

"वेड लागलंय का तुला?"

"त्यांनी विळा माझ्या गळ्याला लावला होता. ओरडलेसुद्धा नाहीत. म्हणाले, धार चांगली आहे ना, बघ." ती बोलत होती ते बाजारभाव सांगावा इतक्या सपाट आवाजात. "खुरपं आधीच टाकलं होतं, दुसऱ्या दिवशी विळाही टाकला. मग ते कात्रीकडे बघायला लागले. माझ्याकडे बघायचे, मग कात्रीकडे. ज्या वस्तूवर नजर जाते ती मी आणून टाकते. आता घरात फार काही उरलेलं नाही."

आक्कांना वाटलं, म्हणावं, माझा मुलगा असा नाही. शब्द ओठावर आलेही. पण भरदुपारचे ते आवाज त्यांनी इतके दिवस गाईच्या पाठीवर हात ठेवून ऐकले होते; कुणाला फसवणार?

"तो नवा कोयता आणायला गेलाय," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

"बहीण कुठे असते तुझी?"

सुनेने चमकून वर पाहिलं.

आक्कांनी तिला कपडे भरायलाही वेळ दिला नाही. होती तशी बाहेर काढली, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी तिच्याबरोबर रस्त्यापर्यंत गेल्या. गाडी आली. सून पायरीवर चढली, वळली, काहीतरी म्हणाली. इंजिनाच्या घरघरीत आक्कांना ते ऐकू आलं नाही.

मालक आला तो वर्तमानपत्रात गुंडाळलेला कोयता बगलेत मारून.

"ती कुठे आहे?"

"गेली."

"कुठे?"

"मला माहीत नाही."

तो आक्कांच्या समोर बसला. कागद सोडला. कोयत्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, पण तो हसला. "बहिणीशिवाय आहे कोण तिला? सकाळच्या गाडीने जातो आणि घेऊन येतो."

सकाळी तो अंघोळीला गेला तशा आक्का घराबाहेर पडल्या. एका दूधवाल्याच्या गाडीत बसून पोलीस चौकीत पोहोचल्या. तिथला हवालदार चहा पीत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "आजी, नवराबायकोचं भांडण. घरातल्या घरात मिटवा. पोटच्या पोरावर का बालंट आणता?"

"माझ्या वेळी मी घरातल्या घरातच मिटवलं," आक्का म्हणाल्या. "म्हणून हा असा निपजला. तो कोयता घेऊन निघालाय. तुम्ही उठणार आहात, की मी इथेच बसून बातमीची वाट बघू?"

हवालदार उठला. मालक थांब्यावरच सापडला. पिशवीत कोयता होता, नव्या शर्टात गुंडाळलेला.

पुढे जे व्हायचं ते झालं. त्याला आत ठेवलं, खटला चालला, सुनेने येऊन साक्ष दिली, आणि काही महिन्यांची शिक्षा झाली. लोक आक्कांना तोंडावर काही बोलले नाहीत. पाठीमागे मात्र बोलायचं काही शिल्लक ठेवलं नाही. शेत दुसऱ्याला कसायला द्यावं लागलं. टाकी उपसली तेव्हा सगळी अवजारं निघाली, गंजून एकमेकांना चिकटलेली. भंगारवाल्यानेही नाक मुरडलं.

आक्का पैलवानाला शोधत गेल्या. तो रस्त्याच्या कामावर खडी टाकत होता. त्यांना बघून त्याने टोपली खाली ठेवली आणि बसायला जागा करून दिली.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "परत ये."

"मालकाने मारलं ते विसरलो, आक्का." तो घाम पुसत म्हणाला. "तुम्ही मान वर केली नाहीत, ते जात नाही डोक्यातून." आणि त्याने टोपली उचलली.

शिक्षा भोगून मुलगा घरीच आला. जाणार तरी कुठे? बाहेरच्या खोलीत राहू लागला. आईशी एक शब्द बोलत नसे. दिवसभर पायरीवर बसून शेतात दुसऱ्याची माणसं राबताना बघत राही. आक्का त्याचं ताट दाराशी ठेवत आणि लगेच मागे सरत. त्यांना त्याची भीती वाटे. आणि ताट तसंच परत आलं की त्यांच्याही घशाखाली घास उतरत नसे.