चौदा नंबरची लाल पट्टी

पेज नावाची ती मुलगी पहिल्यांदा आली ती केक घेऊन. तळहातावर मावतील एवढे अडतीस केक, प्रत्येकावर साखरेचं इवलंसं घर आणि घराखाली चॉकलेटची दोन चाकं. आमच्या वसाहतीत घरं अडतीसच होती.

"तुमच्या सन्मानार्थ," ती म्हणाली.

नेल्डा प्रूइटने एक केक उचलला, साखरेचं घर दातांनी उडवलं आणि चावता चावता मला म्हणाली, "बघ व्हेरा, किती सोपं आहे. एका घासात गेलं."

मी खाल्ला नाही. नुसत्या वासानेच माझ्या तोंडात गोडसर चिकटपणा आला होता.

कॉटनवुड कोर्टमधली घरं आमची होती, खालची जमीन दुसऱ्याची. म्हातारा मालक गेला आणि त्याच्या मुलांनी ती एका कंपनीला विकली. कंपनी तिथे नदीकडे तोंड केलेले महागडे फ्लॅट बांधणार होती. त्यात कुत्र्यांना आंघोळ घालायला वेगळी खोली असणार होती आणि इमारतीचं नाव असणार होतं 'द कॉटनवुड'. कॉटनवुडची झाडं मात्र तोडायची होती. आम्ही सप्टेंबरअखेर जागा रिकामी करायची, आणि ते आमच्याकडून गोडीगुलाबीने करून घेण्यासाठी पेजला नेमलेलं होतं. वय तिशीच्या आत-बाहेर, बूट इतके पांढरे की आमच्या रस्त्यावर ती पाऊल जपून टाकायची. पहिल्याच भेटीत ती आम्हाला 'नेल्डा', 'व्हेरा' म्हणायला लागली, जणू आम्ही एकाच गल्लीत लहानाच्या मोठ्या झालो होतो.

"तुमच्या टपालपेट्या किती खऱ्याखुऱ्या आहेत हो!" ती म्हणाली. "त्या आम्हाला द्याल? खालच्या दालनात भिंतीवर टांगणार आहोत. आठवण म्हणून."

"आणि आम्हाला कुठे टांगणार?" नेल्डाने विचारलं.

पेज मनापासून हसली. वहीत काहीतरी लिहून घेतलं.

आमच्या घरांना लोक फिरती घरं म्हणतात, पण ती फिरतात फक्त एकदा, कारखान्यातून जागेवर येईपर्यंत. नंतर हलवायची तर ज्या वसाहतीत न्यायची तिथल्या अटी असतात. माझं घर बाहत्तर सालचं. ते आयडाहो राज्यात कुठेही कोणी घेणार नव्हतं, हे मला नोटीस वाचतानाच कळलं होतं. त्याचा चुरा होणार होता, आणि मी माझ्या बहिणीच्या गॅरेजवरच्या खोलीत राहायला जाणार होते. ते मी मनाशी मिटवून टाकलं होतं. नेल्डाचं तसं नव्हतं. तिचं चौदा नंबरचं घर अठ्ठ्याहत्तर सालचं होतं. एकाहत्तर वर्षांच्या नेल्डाला ना बहीण होती ना मूल. शाळेच्या खानावळीत तीस वर्षं स्वयंपाक करून तिने हे एक घर केलं होतं. ते गेलं असतं तर तिला गाडीतच राहावं लागलं असतं.

घरं ओढून नेण्याचं काम गस लिंडक्विस्ट करायचा. त्याने साठ मैलांवरच्या व्हीलर गावातल्या वसाहतीत एक रिकामी जागा हेरली होती. तिथला व्यवस्थापक नेल्डासाठी ती राखून ठेवायला तयार होता. त्याची अट एकच होती.

"लाल पट्टी," गस म्हणाला. "शहात्तरच्या जूननंतरच्या प्रत्येक घराला मागच्या बाजूला ठोकलेली असते. नंबराची, पत्र्याची, घर सरकारी नियमांनी बांधल्याची खूण. ती असेल तर घर पुढच्या आठवड्यात नेतो." तो घराभोवती फिरला आणि भिंतीवरच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर बोटांनी टकटक करत कान देत राहिला. "या पांढऱ्याच्या खाली असणार. कापून बघू या."

"कापू नकोस," मी म्हणाले. "नाहीये तिथे. मी काढली."

गस माझ्याकडे वळला.

कॉटनवुड कोर्टमध्ये ती रीतच होती. घरावर नवे पट्टे चढवायचे त्या दिवशी शेजारीपाजारी जमायचे, बिअर यायची, कोणी बटाट्याचा कीस परतायचं आणि कामाची सुरुवात लाल पट्टी उचकटण्यापासून व्हायची. घर कारखान्यात जन्मलं, हे त्या पट्टीवरून चारचौघांत दिसायचं. शाळेत पोरं नेल्डाला 'ट्रेलरवाली' म्हणत. पट्टी काढली, वर पांढरे पट्टे चढवले, दारापुढे दोन कुंड्या ठेवल्या की घर रस्त्यापलीकडच्या घरांसारखं दिसायचं, निदान लांबून तरी. हात ज्याचा स्थिर त्याने पट्टी काढायची, आणि माझा हात सगळ्यांत स्थिर होता. मी गावाच्या पाणीतपासणीच्या प्रयोगशाळेत होते. नेल्डाच्या पट्टीचे चारही रिबिट मी अकरा वर्षांपूर्वी छिन्नीने एकेक करून उडवले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्यावर पट्टी नदीत भिरकावली. ज्या नदीचं पाणी मी रोज तपासत होते, त्याच नदीत.

"अशा किती काढल्यास?" गसने विचारलं.

"बावीस."

गस पायरीवर बसला. "शिकलेली ना गं तू? अगं, घराचा जन्मदाखला आहे तो!"

"तिला कशाला बोलतोस?" नेल्डा म्हणाली. "टाळ्या मी वाजवल्या होत्या. बिअरही माझीच होती."

त्या क्षणी मला किळस आली ती कंपनीची नव्हती. रस्त्यापलीकडच्यांना आम्ही कसे दिसतो, एवढ्यासाठी मी बावीस घरांचा पुरावा पाण्यात फेकला होता. आणि तसलेच लोक आता आमच्या टपालपेट्या भिंतीवर टांगणार होते.

गसने एक वाट सांगितली. अशा घरांत आतही एक छापील कागद चिकटवलेला असतो, बहुतेक कपाटात. त्यावर तोच नंबर असतो. तो मिळाला तर सरकारकडून पत्र मागवता येतं आणि व्यवस्थापक ते पत्र चालवून घेईल.

कागद नेल्डाच्या झोपायच्या खोलीतल्या कपाटात सापडला. म्हणजे कागदाची चौकट सापडली. त्यावर रंगाचे दोन थर होते. वरचा फिकट पिवळा, खालचा हिरवा.

"हिरवा माझ्या नवऱ्याने लावला," नेल्डा म्हणाली. "तो समोर दिसेल त्याला रंग द्यायचा. मी जरा जास्त वेळ स्वस्थ बसले असते तर मलाही दिला असता."

पिवळा रंग स्पिरिटने सुटला. कापसाचा बोळा, नखाएवढा भाग, पुसायचं, थांबायचं, पुन्हा पुसायचं. हिरवा तेलाचा होता, तो स्पिरिटला दाद देईना. मी केस वाळवायच्या यंत्राची ऊब दिली आणि लोण्याच्या बोथट सुरीने तो सोलत गेले. तीन दिवस सकाळपासून उन्हं कलेपर्यंत मी नेल्डाच्या कपड्यांत डोकं खुपसून बसले होते. नेल्डा मागून कॉफी देई आणि विचारी, "मूल झालं का?"

तिसऱ्या दुपारी नंबर दिसला. सहा आकडे होते. पाचव्याची शाई रंगाबरोबर निघाली होती. तो तीन होता किंवा आठ. मी विजेरी आडवी धरून कागदावर उमटलेला खळगा पाहिला. आठ वाटत होता. पण नुसतं वाटत होतं.

"आठ लिही आणि मोकळी हो," नेल्डा म्हणाली.

"खात्री नाही."

"तुझी खात्री गेली खड्ड्यात! माझं घर आहे ते."

मी अर्जात दोन्ही आकडे लिहिले, आठची शक्यता जास्त का वाटते तेही लिहिलं. एकतीस वर्षं मी असंच करत आले होते. जे दिसलं नाही ते मी कधी लिहिलं नाही. पाणी चांगलं निघावं म्हणून नगरपालिकेचे लोक माझ्या टेबलाशी येऊन बसत, तरी नाही. पाच आठवड्यांनी पत्र आलं. आकडा आठच होता. नेल्डाने पत्राचा मुका घेतला, मग माझाही घेतला.

आता एकच कागद उरला होता. घर जागेवरून न्यायला हरकत नाही, असा जमीनमालकाचा दाखला. व्हीलरचा व्यवस्थापक शुक्रवारपर्यंतच थांबणार होता. आम्ही सोमवारी पेजच्या कचेरीत गेलो. वसाहतीची जुनी धुलाईखोली आता तिची कचेरी झाली होती. यंत्रं काढून तिथे पांढरा सोफा ठेवला होता.

"अरे वा, पत्र मिळालं! मला किती आनंद झाला म्हणून सांगू!" पेजने दोन्ही हात छातीवर ठेवले. "दाखला काय, सहीचाच प्रश्न आहे. सही आमचे साहेब करतात, आणि ते बुधवारी येतायत. बुधवारी आपण एक छोटीशी फिल्म करतोय. निरोपाची. तुम्ही दोघी त्यात याल ना?"

"आलो नाही तर?" मी विचारलं.

"सक्ती अजिबात नाही." ती हसतच होती. "पण साहेब पटकन निघून जातात. फिल्ममध्ये असाल तर सहीच्या वेळी समोर असाल, एवढंच."

बाहेर आल्यावर मी नेल्डाला म्हणाले, "मला ओकारी येतेय."

"मग आज येऊ दे," ती म्हणाली. "बुधवारी नको. तीस वर्षं पोरांनी माझं जेवण माझ्यासमोर टोपलीत ओतलं आणि मी हसून पुढच्याला वाढलं. अजून एकदा हसायला मला काही होत नाही."

बुधवारी त्यांनी नेल्डाच्या दारात दिवे लावले. दिवसाढवळ्या. एका मुलीने तिच्या गालांवर पावडर थापली. साहेब दूर गाडीला टेकून फोनवर बोलत होते. पेजने नेल्डाच्या हातात कागद दिला. 'कंपनीने मला नवं घर शोधून दिलं,' असं त्यावर लिहिलेलं होतं.

नेल्डाने ते एका दमात म्हटलं. वर स्वतःचं जोडलं, "आणि केक तर फारच गोड होते हो." पेजने टाळ्या वाजवल्या.

मग ती माझ्याकडे वळली. "व्हेरा, तुमचं एकच वाक्य. कपाटातला तो कागद आमच्या मदतीने सापडला. तुम्ही पाणी तपासायच्या ना, तुमच्यावर लोकांचा विश्वास आहे."

"तुमच्या मदतीने सापडला नाही," मी म्हणाले.

"मदत म्हणजे... मनाने आम्ही तुमच्याबरोबरच होतो ना."

मी नेल्डाकडे पाहिलं. पावडरीखाली तिचा चेहरा राखाडी दिसत होता आणि हात पाठीमागे दाराच्या कडीवर घट्ट होता. गाडीजवळ साहेबांनी फोन खिशात टाकला आणि घड्याळ पाहिलं.

"घराचा कागद आम्हाला कंपनीच्या मदतीने सापडला," मी म्हणाले.

"छान! फक्त जरा हसून. पुन्हा एकदा?"

मी पुन्हा म्हटलं. हसून.

साहेबांनी गाडीच्या टपावर ठेवून सही केली. वाचली नाही. कोपऱ्यावर शाई सांडली ती अंगठ्याने पुसली आणि अंगठा रुमालाला.

गुरुवारी सकाळी गसने घराला ट्रक जोडला. घर करकरलं, हललं आणि आपल्या जागेवरून सुटलं. खालचा चौकोन उघडा पडला. ओलसर काळी माती, उंदरांची चघळलेली कापडं, एका मांजराची हाडं, कुजका वास. पेजने नाकाला रुमाल लावला. "ई! हे कोण साफ करणार?"

"तुम्ही," ट्रकच्या खिडकीतून नेल्डा ओरडली. "मनाने आम्ही तुमच्याबरोबर आहोत!"

गस इतका हसला की त्याला भोंगा वाजवायचं भान राहिलं नाही. वळणावर घराची मागची भिंत एकदा पांढरी चमकली आणि दिसेनाशी झाली.

मी घरात आले आणि दात घासले. मग पुन्हा घासले. बाहेर फवाऱ्याचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं तर नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस माझ्या भिंतीवर रंगाची मोठी फुली मारत होता. पाडायच्या घरांवर ते अशीच खूण करायचे.

फुली पूर्ण करून त्याने भिंतीवर थाप मारली. "आत कोणी आहे का?"

तोंडात फेस होता. मी तो बेसिनमध्ये थुंकून टाकला.

"आहे," मी म्हणाले.